भाऊ मिस्त्रीचं तेलपाणी

कमळला तेलाची किळस यायची. खोबरेलाची नव्हे हो, ते बिचारं कुणाचं काय वाईट करतंय! लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या तेलाची. भिवंडीत टेमघरच्या ज्या गल्लीत तिचं घर होतं, तिथं एका अंगाला कारखाना, दुसऱ्या अंगाला कारखाना, आणि मधल्या सापटीत माणसं. लूम चालायला लागले की कापसाची बारीक रुई हवेत उडायची, त्या रुईला तेल चिकटायचं, आणि दोन्ही मिळून जी काळपट, लिबलिबीत घाण व्हायची ती घरातल्या एकूण एक वस्तूवर येऊन बसायची. कमळ तिला ‘चिकटा’ म्हणायची. पंख्याच्या पात्यांवर चिकटा, देवाच्या तसबिरींवर चिकटा, मिठाच्या बरणीच्या झाकणावरसुद्धा चिकटा. बोट लावलं की बोट काळं. बोट पुसलं की फडकं काळं, आणि फडकं धुतलं की मोरी काळी. शी! एकदा पुसून सुटका झाली तर शप्पथ.

तिचं माहेर गणेशपुरीकडचं. शेणानं सारवलेली जमीन, भाताच्या तुसाचा वास आणि कुंडाचं गरम पाणी, असं सगळं स्वच्छ सोडून ती इथं नांदायला आली. पहिल्याच आठवड्यात तिनं सासूला विचारलं होतं, “आये, धुतलेली कापडं वाळत कुठं घालू?” सासू धोंडूबाई दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “घाल कुठंबी. काळीच होनार हायत.” त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. मुलगी मृणाली मोठी झाली, लग्न होऊन कल्याणला गेली. सासूच्या अंगावरून वारं गेलं आणि ती खाटेला खिळली. गल्लीत टीव्ही आले, मोबाइल आले, हायवेला वडप्याकडे गोदामांच्या रांगा लागल्या. चिकटा मात्र जागचा हलला नाही.

आणि या चिकट्याचा घरातला सख्खा भाऊबंद म्हणजे कमळचा नवरा, भाऊ मिस्त्री.

भाऊ लूमचा मिस्त्री. हाताचा कसबी, त्याबद्दल कुणी वाईट बोलणार नाही. कुठल्याही कारखान्यात लूम अडला की “भाऊला बोलवा रे,” ठरलेलं. पण ती कुपी! लांब नळीची पत्र्याची तेलाची कुपी त्याच्या हातात चोवीस तास. माणूस कंबरेला करदोटा बांधतो, भाऊनं कुपी बांधली होती असं म्हणा. कारखान्यात लूमला तेल घालायचं ते घालायचं, घरी येऊनही त्याचा हात थांबायचा नाही. बिजागरी कुरकुरली, घाल तेल. पंखा घरघरला, घाल तेल. एकदा कुकरची शिट्टी होत नव्हती तर पठ्ठ्यानं शिट्टीत दोन थेंब सोडले. चार दिवस वरणाला लूमचा वास येत होता. कमळनं ते वरण गटारीत ओतलं, तर म्हणतो कसा, “अन्नाची नासाडी करतेस.” अरे, नासाडी कुणी केली? कळस म्हणजे, धोंडूबाईचा गुडघा धरला होता, तेव्हा तिच्या गुडघ्याला हेच तेल चोळून मोकळा. “सांधा तो सांधाच,” म्हणे. ते काळं ओशट पुसून काढायला कमळला गरम पाण्याच्या दोन बादल्या लागल्या, आणि म्हातारीची कातडी लाल झाली ती वेगळीच.

दाराचं लॅच हेही भाऊचंच कर्तृत्व. आधी त्यांच्या दाराला कडी-कोयंडा होता, त्यात गुमान टाळं लागायचं. कारखान्याच्या शेठनं बंगल्याचं दार बदललं, तेव्हा जुनं लॅच भंगारात निघालं होतं. भाऊनं ते फुकटात उचलून आणलं आणि मोठ्या मानानं आपल्या दाराला ठोकलं. “शेठच्या दाराचं लॅच हाय,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. दार नुसतं ओढलं की आपोआप बंद. आतून मूठ फिरवायची, बाहेरून चावी. लॅच उघडं अडकवून ठेवायचा खटका मुळातच मोडलेला होता, पण फुकटच्या गाईचे दात कोण मोजतो! आणि चावी? ती पहिल्या महिन्यापासूनच जड जायला लागली. भाऊनं तेल घातलं. दोन दिवस फिरली, तिसऱ्या दिवशी आणखी जड. पुन्हा तेल. पुन्हा दोन दिवस. असं करत करत शेवटी ते लॅच जगात फक्त एका माणसाच्या हाताला उघडायला लागलं. मुठीला धरून दार वर उचलायचं, खांदा लावायचा, गुडघ्यानं खाली दणका द्यायचा आणि त्याच क्षणी चावीला हिसडा. उघडलं की भाऊ वळून बघायचा आणि म्हणायचा, “जोर न्हाय लागत. युक्ती पायजे, युक्ती!”

आता तुम्ही म्हणाल, बाई घरातच असते, तिला चावी लागते कशाला? अहो, तेच तर! घरात दुसरं माणूस खाटेवर पडलेलं. धोंडूबाईला स्वतःची कूस बदलता येत नव्हती. उजवी बाजू मेलेली, तोंड वाकडं झालेलं, ‘पानी’ म्हणायला गेली की ‘आनी’ यायचं. कमळ कचरा टाकायला गेली आणि मागे दार लागलं, तर म्हातारी आत एकटी, आणि सून बाहेर हातात न फिरणारी चावी घेऊन उभी. हीच एक भीती कमळच्या उरावर बसलेली. म्हणून दोन मिनिटं बाहेर जायचं तरी ती दाराला वरवंटा लावायची. बिचाऱ्या वरवंट्याचं अर्धं आयुष्य मसाला वाटण्यात गेलं आणि अर्धं दार धरण्यात. गिरणीत जायचं नाही, बाजारात जायचं नाही. गणेशपुरीला थोरली बहीण ठकुबाई एकटी राहायची, तिच्याकडे जाऊन कमळला वर्षं लोटली होती. भाऊ ड्युटीवर असला की कमळ कैदेत. तो घरी आला की झोपायचा, आणि झोपलेल्या भाऊच्या भरवशावर म्हातारीला सोडायची तिची छाती नव्हती.

आणि एके दिवशी, व्हायचं तेच झालं.

वरवंटा पाट्यावर होता, चटणीनं माखलेला. कमळ केराची बादली घेऊन नुसती पायरी उतरली. वारा आला, दार वाजलं. तिनं चावी घातली, उचललं, खांदा लावला, गुडघा मारला, हात सोलून निघाला. काही नाही. दोन्ही कारखान्यांत लूम खडखडत होते. त्या आवाजात हाताच्या अंतरावरचं माणूस ऐकू येत नाही, तर आतली म्हातारी कुणाला ऐकू येणार! कमळनं चावीच्या भोकाला कान लावला तेव्हा ऐकू आलं, “आनी... आनी दे गो...”

“मी हाय इथं, आये! दाराशीच हाय!” कमळ भोकाला तोंड लावून ओरडली. ओठांना तेल लागलं. तरी ती तोंड काढेना.

शेजारची सुरैया धावत आली. सुरैया इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातली, वयानं मोठी, तोंडानं फटकळ. तिनं घरी जाऊन कारखान्यात फोन लावला. निरोप आला, “भाऊ लूमवर सुताचा बीम चढवतोय. येतो म्हणाला.” येतो म्हणाला! बीम चढला, चहा झाला, शिफ्ट सुटली, तेव्हा स्वारी कुपी हलवत आली. तोवर गल्ली गोळा झाली होती. दार फोडू का असं कमळनं दोनदा विचारलं, पण मिस्त्रीच्या दाराला हात कोण लावणार! भाऊनं गर्दी बाजूला केली, दार उचललं, खांदा, गुडघा, हिसडा. खट्! मग वळून म्हणाला, “बगितलं? युक्ती पायजे.” लोक हसले. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

कमळ आत पळाली. म्हातारीचं अंथरूण ओलं, ओठांना भेगा, डोळ्यांतलं पाणी वाहून कानात जाऊन वाळलेलं. कमळनं पाणी पाजलं. ते पिऊन म्हातारी एवढंच म्हणाली, “कमळे, तू गेली व्हतीस?”

त्या बोलण्यानं कमळच्या काळजाचं पाणी झालं. मागे दाराशी भाऊ लॅचमध्ये कुपीची नळी खुपसून दाबत होता. “वास कसला येतोय गो?” त्यानं नाक मुरडून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चहाला निघून गेला. लॅचमधून तेलाचा एक काळा ओघळ दारावरून खाली आला आणि उंबऱ्यावर टपकला. कमळनं तो बघितला, आणि तिला त्या तेलाची, त्या दाराची आणि दार उघडणाऱ्याची एकदमच शिसारी आली.

“लॅच बदला, न्हायतर दुसरा मिस्त्री आना,” असं तिनं दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं.

भाऊचा घास तोंडातच राहिला. “मिस्त्रीच्या घरात दुसरा मिस्त्री? गल्ली तोंडात शेन घालंल माज्या!”

“आन् आयच्या तोंडात पानी कोन घालंल?”

“तू हायस की,” भाऊ म्हणाला, आणि त्यानं भाताचा पुढचा घास उचलला. घ्या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सुरैया मात्र ते अडकलेलं दार विसरली नव्हती. दुपारी वाटीभर शेवया घेऊन आली तेव्हा दारावरचा ओघळ बघून थबकली. “हे काय गं? कुलपात तेल टाकतो तुझा नवरा?”

“पिंपानं टाकतात, भाभी.”

“या अल्ला! मग ते उघडणार कसं? अगं, लूम दिवसभर पळतो, तेल घेतो नि फेकतो. कुलूप बसून राहतं. तेल बसलं की रुई येऊन त्यात बसते. दावतच दिली ना तू तिला! आमचं लोखंडी कपाट असंच जाम झालं होतं. चावीवाला आला तो आधी माझ्यावर चिडला. म्हणाला, कुलपाला ओलं काही द्यायचं नाही, सुकं द्यायचं. शिसपेन्सिलीचा भुगा. त्याला वर्षं झाली, लोण्यासारखी फिरते चावी.”

“पेन्सिलीनं?” कमळला हसू आलं. पण हसता हसता तिनं मनात गाठ मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी भाऊ ड्युटीवर गेल्याबरोबर तिनं वरवंटा धुऊन दाराला लावला, त्याचाच पेचकस घेतला आणि लॅचचे स्क्रू काढले. स्क्रूसुद्धा ओशट, पेचकस सटकत होता. लॅच हातात आलं, तिनं ते वर्तमानपत्रावर उलटं करून मागची पट्टी काढली. आणि जे दिसलं ते बघून तिच्या तोंडून “ईऽऽ!” असं एवढ्या जोरात निघालं की खाटेवरून म्हातारीनं “काय झालं गो?” विचारलं.

काय झालं म्हणून काय सांगायचं! आत लोखंड दिसतच नव्हतं. रुई आणि तेल यांचा मुरलेला काळा लगदा, बोटानं दाबला तर आत जावं नि हळूच वर यावं असा. त्यात वाळूचे कण, कुणाचा तरी केस, आणि मधोमध एक मेलेलं झुरळ, मिशा तेवढ्या शाबूत. वास तर असा, की खवट तेलात काहीतरी सडलंय. कमळ मोरीपाशी जाऊन वाकली, पण पडलं काही नाही. परत येऊन बसली. तिचं तिलाच नवल वाटलं. सासूचं सगळं ती दिवसातून दोनदा काढायची, नाकाला पदर लावायची नाही. ती माणसाची घाण, पाण्यानं धुतली की जाते. ही घाण मात्र कुणीतरी हौसेनं, प्रेमानं, वर्षानुवर्षं भरवलेली होती, आणि वर त्याची फुशारकी मारली होती.

तिनं काडीनं लगदा कोरून काढला. फुटक्या वाडग्यात रॉकेल ओतून लॅच त्यात बुडवलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासलं, रॉकेल काळं झालं ते फेकलं, पुन्हा घातलं. रॉकेल स्वच्छ राहीपर्यंत तिनं सोडलं नाही. मग फडक्यानं पुसून, वर रुई बसू नये म्हणून धुवट लुगड्याच्या तुकड्यात बांधून उन्हात ठेवलं. मृणालीच्या शाळेच्या कंपासपेटीत दोन शिसपेन्सिली उरल्या होत्या. त्यांचं शिसं सुरीनं तासून तिनं पॉलिश पेपरवर घासलं. पिठासारखा मऊ, काळा भुगा झाला. काळाच, पण सुका! बोटांना लागला तो हात झटकला तर उडून गेला. कमळ त्या झटकलेल्या हाताकडे बघतच राहिली. कागदाची नळी करून तिनं तो भुगा लॅचमध्ये फुंकला, चावीवर पेन्सिल घासली, आणि लॅच पुन्हा दाराला बसवलं.

दार उघडं असताना चावी फिरवली. दोन बोटांनी फिरली. मग ती बाहेर गेली. पायरीवर उभी राहिली. वरवंटा काढला आणि दार ओढून घेतलं. बंद. चावी घातली. टिक्. उघडलं! पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. पुन्हा. पुन्हा.

“कमळे, काय चाललंय गो?” आतून आवाज आला.

“खेलते, आये!” कमळ म्हणाली, आणि पायरीवर उभ्या उभ्याच रडली.

वरवंटा परत पाट्यावर गेला. कमळ गिरणीत गेली, परत आली, टिक्. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली, टिक्. म्हातारीला सांगून जायची, “आये, आत्ता येते,” आणि खरंच आत्ता यायची. तिसऱ्या दिवसापासून म्हातारीनं दाराकडे बघत राहणं सोडलं.

भाऊनं मात्र पहिल्याच दिवशी घोटाळा केला. सवयीनं दार उचललं, खांदा लावला, गुडघा मारला, हिसडा दिला, आणि दार फाडकन उघडून साहेब घरात पालथे. उठून कपडे झटकत म्हणतो काय? “बगितलंस? माजं तेल मुरलं!”

“तेल न्हाय, पेन्सिल हाय ती,” कमळनं सांगितलं. “सगलं तेल धुवून काढलंय मी. आता जोर लावू नका, आन् तेलाचा थेंब घालू नका. हात जोडते.”

भाऊ पोट धरून हसला. “पेन्सिल? कुलूप काय शालंत जातंय?” हा विनोद त्यानं कारखान्यात सांगितला, चहाच्या टपरीवर सांगितला, आणि प्रत्येक वेळी शेवटी “तेल मुरलं ते” असं जोडायला विसरला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभही जळला नव्हता. पण घरी कमळनं त्याच्याकडून आईची शपथ घेववली. “बरं बाई, न्हाय घालनार,” असं म्हणून त्यानं कुपी खुंटीला अडकवली.

शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. भाऊ घरी. त्या शुक्रवारी कमळनं पहाटे सगळं आवरलं, म्हातारीला न्हाऊमाखू घातलं, पेज भरवली, भाऊला चारदा बजावलं आणि एसटीनं गणेशपुरीला गेली. ठकुबाईनं तिला बघितलं आणि कडकडून मिठी मारली. दोघी कुंडावर गेल्या. त्या गरम पाण्यात कमळनं कोपरं, मान, कानांच्या पाळ्या घासघासून धुतल्या. अंगाचा वास घेतला तर नुसता पाण्याचा वास. कितीतरी वर्षांनी! ठकुबाई राहा म्हणाली, पण ती राहिली नाही. नव्या तांदळाची पिशवी घेऊन उन्हं कलताना टेमघरला परतली.

गल्लीच्या तोंडाशीच तिच्या कानावर हाक आली.

“कमळे! कमळे गो!”

शुक्रवार होता ना. लूम बंद. गल्ली चिडीचूप. एरवी खडखडाटात बुडून जाणारा म्हातारीचा तो वाकडा, चिरका आवाज आज या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू येत होता. माणसं घराघरांच्या पायऱ्यांवर गप्प उभी होती. कमळ धावली.

दारापाशी भाऊ. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात कुपी, दुसऱ्या हातात अर्धी चावी. लॅचमधून काळा ओघळ दारावरून उंबऱ्यापर्यंत.

सुरैया कपाळाला हात लावून म्हणाली, “जेवून उठला नि म्हणे शुक्रवार आहे, सगळ्याचं तेलपाणी करतो. कुलपात अर्धी कुपी रिकामी केली. मग तंबाखू आणायला गेला, दार ओढून. परत येऊन तेच, खांदा, गुडघा, हिसडा. चावी तुटली आतमध्ये. दुपारपासून ओरडते गं ती! मी दार फोड म्हणते तर म्हणतो, चावीवाला येतोय.”

कमळनं भाऊकडे बघितलं. राग यायचा तोही आला नाही, नुसती किळस आली. हात जोडून सांगितलं होतं. आईची शपथ घेतली होती. तो एक हिसडा टाळला असता तर चावी दोन बोटांनी फिरली असती.

“तुझी चावी दे,” भाऊ पुटपुटला.

“कुठं घालू? तुमचा तुकडा अडकलाय आत.”

“चावीवाला...”

“आये पानी मागतेय.”

“ऐकतोय मी!” भाऊ एकदम ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. “मघापासून ऐकतोय!”

“आज लूम बंद हायत म्हनून ऐकू येतंय तुमाला,” कमळ म्हणाली. “त्या दिवशीबी ती अशीच बोलवत व्हती. तवा तुमी टाल्या घेत व्हता.”

 त्या दिवशी टाळ्या वाजवणारेही पायऱ्यांवरच उभे होते. सुरैयानं घरातून खलाचा लोखंडी बत्ता आणला. कमळनं तो घेतला आणि भाऊच्या हातात दिला. “फोडा.”

भाऊनं एकदा शेठच्या लॅचकडे बघितलं. मग घाव घातला. तेलाचे शिंतोडे उडून शर्टावर काळी नक्षी उठली. तिसऱ्या-चौथ्या घावाला लाकूड फाटलं, लॅच सुटून पायरीवर पडलं आणि दार उघडलं. आतून वास आला. भाऊ दोन पावलं आत गेला, आणि नाकाला रुमाल लावून तसाच मागे आला.

कमळ त्याच्या बाजूनं आत गेली. म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन तिनं पाणी पाजलं, पेला रिकामा होईपर्यंत. तोंड पुसलं. मग पेला खाली ठेवला, बाहेर आली आणि तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

“अगो, जा ना आत,” भाऊ म्हणाला. “सगलं भरलंय. तू बघ.”

“पानी तापवा. धुतलेली चादर पेटीत हाय, वरच हाय.”

“मी?” भाऊनं गल्लीकडे बघितलं. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. “माज्यानं न्हाय व्हायचं गो. मला कुठं येतंय ते?”

“येईल,” कमळ म्हणाली. “जोर न्हाय लागत. युक्ती पायजे.”

कुणी हसलं नाही. भाऊनं हातातली कुपी कुठं ठेवावी म्हणून इकडे तिकडे बघितलं, शेवटी पायरीवर लॅचच्या शेजारी ठेवली आणि आत गेला. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. पेटीचं झाकण वाजलं. मग म्हातारीचा थकलेला आवाज, “कोन? कमळे?”

बादली खाटेपाशी टेकल्याचा आवाज आला.

“मी हाय, आये,” भाऊ म्हणाला. “भाऊ.”

कमळ पायरीवरून उठली नाही.